माया ठेवून : फॅशन डिझाइनचं पहिलं वर्ष आणि कपड्यांचे सहा हजार

७ ऑगस्ट २०२३, सोमवार. कॉलेजचा पहिला दिवस. बारावीच्या निरोप समारंभाला आईने शिवलेला निळा पंजाबी ड्रेस मी घातला होता आणि ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी नीट बसवली होती. वर्गात शिरले आणि दारातच थबकले. कुणाच्या अंगावर ढगळ लिननचा शर्ट, कुणाची गुडघ्यावर विरलेली जीन्स, एकीने तर वडिलांचा कोट बाह्या दुमडून घातलेला. मला कुणी काही बोललं नाही, उलट सगळ्या छान वागल्या. पण संध्याकाळी होस्टेलवर आल्यावर बॅग उघडली, सगळे कपडे पलंगावर मांडले आणि रडू आलं. चार पंजाबी ड्रेस, दोन जीन्स, तीन टी-शर्ट, एक स्वेटर.

यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी हे सविस्तर लिहितेय. फॅशन शिकायला आलोय आणि आपल्याकडे घालायला काही नाही, ही भीती किती पोखरते ते मला माहीत आहे. त्या दिवसांत मला कुणाचा तरी हिशेबासकट अनुभव वाचायला हवा होता.

आम्ही सोलापूरचे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण आमच्या घरात सोलापूर म्हणजे युनिफॉर्म. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे गणवेश शिवणारी कितीतरी युनिट तिथे आहेत. त्यांतल्याच एका युनिटमध्ये आई ओव्हरलॉक (म्हणजे कापडाच्या कडा मशीनवर दोऱ्याने बांधणं) आणि काज-बटणाचं काम करते. मला पुण्याला पाठवताना तिने पैशांची वाटणी स्पष्ट सांगितली होती. मेस, बस, कॉलेजचं सामान यांचे वेगळे आणि कपड्यांना महिन्याला पाचशे. म्हणजे वर्षाचे सहा हजार. चपला, आतले कपडे, सगळं त्यातच. "जास्त मागू नकोस, कमी पण पडू देऊ नकोस," एवढंच म्हणाली.

पहिल्या पाच आठवड्यांत मी त्यातले २,३४० रुपये संपवले. कॅम्पातल्या स्टॉलांवरून दोन क्रॉप टॉप दोनशे-दोनशेला, एक चकचकीत सॅटिनचा शर्ट ३५०ला, ढगळ पॅन्ट ४५०ला, एक रिब टॉप २२०ला, लांब श्रग ३२०ला आणि चुण्यांचा स्कर्ट ६००ला. भाव करायला मी घाबरत नव्हते, आईबरोबर बाजारात फिरून तेवढं येतं. चूक वेगळीच होती. प्रत्येक वस्तू मी वर्गातल्या कुणातरी एकीला डोळ्यांसमोर ठेवून घेतली होती. ढगळ पॅन्ट त्या लिननवाल्या मुलीवर जशी पडायची तशी माझ्यावर पडेना. ती माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे, हे घेताना माझ्या लक्षातच आलं नाही. श्रग बसच्या दांड्याला अडकायचा. सॅटिनच्या शर्टाने सप्टेंबरच्या दमटपणात जीव नकोसा केला.

गणपतीच्या आधी वस्त्रशास्त्राच्या तासाला जळणचाचणी झाली. कापडातून उभे-आडवे दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायचे. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्याचाच वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. मॅडमनी आपापल्या कपड्यांच्या शिवणीतून धागे आणायला सांगितले होते. माझ्या सात नव्या कपड्यांपैकी पाचांचे मणी झाले. त्या पाच मण्यांकडे बघत मी बराच वेळ बसले होते. पॉलिएस्टर वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यात ते लवकर वाळतं, चुरगळत नाही. पण मी सुती समजून पैसे मोजले होते. धागा जाळून बघायला दुकानात कुणी देणार नाही, तेव्हा निदान कापड मुठीत दाबून सोडून बघा. सुतीवर सुरकुत्या राहतात.

त्याच आठवड्यात एकमेकींची मापं घेण्याचं प्रात्यक्षिक झालं आणि माझं वर्ष खरं तिथून वळलं. आत्तापर्यंत मला माझं माप म्हणजे 'मीडियम' एवढंच ठाऊक होतं. टेप लावल्यावर कळलं की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे. छाती आणि कंबर एका आकड्यात बसतात, तर नितंब त्याच्या पुढच्या आकड्यात जातात. पाठ लांब आहे, पाय आखूड. म्हणजे तयार कपडा खांद्यावर चांगला बसला की खाली ओढणार आणि खाली बसला की वर झोळ पडणार, हे ठरलेलंच. इतकी वर्षं मला वाटायचं माझ्या अंगावर कपडा शोभत नाही. हे सगळं अर्ध्या-अर्ध्या इंचांचं होतं आणि ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

हे माप तुम्हीही घ्या. वीस रुपयांची टेप लागते आणि एक मैत्रीण लागते. स्वतःचं माप स्वतः घेतलं की हात वर जातात आणि आकडे चुकतात. कंबरेला आधी एक दोरा बांधा, तो आपोआप जिथे जाऊन बसतो ती खरी कंबर. श्वास रोखू नका. पोट आत घेऊन दिलेलं माप पहिल्या जेवणानंतर टोचतं. खांदे दोन्ही वेगवेगळे मोजा. आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तारीख घाला.

२९ सप्टेंबरला आम्हाला वर्षाचा मोठा प्रकल्प दिला. स्वतःच्या कपाटाचा अभ्यास. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च रोज काय घातलं त्याची नोंद आणि फोटो, प्रत्येक कपड्याला क्रमांक, किंमत, कापड, किती वेळा घातला, का घातला नाही. दर पंधरा दिवसांनी गाइडची सही, शेवटी बांधीव जर्नल आणि एप्रिलमध्ये ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर सादरीकरण. एकूण १८३ दिवस. विषय ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ज्याची लाज वाटत होती तेच आता वर्गासमोर मांडायचं होतं. १ ऑक्टोबरच्या रविवारी मी सलवारी वेगळ्या मोजून सगळ्यावर क्रमांक टाकले. एकवीस कपडे. हातात ३,६६० रुपये आणि पुढे दहा महिने.

नवीन काही घेण्याआधी आहे ते मापात आणायचं, एवढं मी ठरवलं. पण बाहेर आल्टर करायचं तर साधी बाजू आवळायला पन्नास-साठ रुपये आणि झिप बदलायला त्याहून जास्त. कॉलेजची मशीन पाचपर्यंतच मिळायची आणि तिथे वर्गाचंच काम सरत नव्हतं. आजीचं हातमशीन मात्र सोलापुरात माळ्यावर पडून होतं.

होस्टेलवर मशीन ठेवायला परवानगी लागते. हा भाग मी मुद्दाम तपशिलात लिहितेय, कारण माझे सत्तावीस दिवस त्यात गेले आणि नीट माहिती असती तर दहा दिवसांत काम झालं असतं.

३ ऑक्टोबरला मी साध्या कागदावर अर्ज दिला. तो घेतलाच नाही. सोबत तीन गोष्टी हव्यात असं सांगितलं: पालकांचं सहीचं संमतिपत्र, कॉलेजचं बोनाफाइड आणि विभागप्रमुखांचं पत्र. संमतिपत्राचा फोनवरचा फोटो चालत नव्हता, मूळ कागदच हवा. आईने ९ तारखेला स्पीड पोस्टने पाठवला, मला १२ला मिळाला. बोनाफाइडला ५० रुपये आणि चार दिवस सांगितले होते, मिळालं १०ला. विभागप्रमुख रजेवर होत्या, त्यांची सही १३ला झाली. १४ला सगळा गठ्ठा दिला आणि निर्धास्त झाले. १९ला तो परत आला. शेरा होता, 'मशीनचा प्रकार नमूद नाही.' विजेचं मशीन खोलीत चालत नाही आणि मी कुठेही 'हाताने चालणारं' असं लिहिलंच नव्हतं. शिवाय मशीनचा फोटोही जोडायचा होता.

त्या दिवशी मी फार खचले होते. आईला फोन केला तर म्हणाली, "युनिटमध्ये एका कॉलरसाठी अख्खा लॉट परत येतो. उसवायचं, परत घालायचं. त्यात काय?"

२३ तारखेला खंडेनवमी होती. आजीने मशीन माळ्यावरून उतरवून घेतलं, पुसलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि शेजारच्या दादाकडून फोटो काढून मला पाठवला. मी तोच फोटो छापून अर्जाला लावला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ला, अर्ज पुन्हा दिला आणि ३०ला परवानगी हातात आली. अटी तीन होत्या. सकाळी नऊ ते रात्री नऊच वापरायचं, खोलीत न शिवता खालच्या हॉलमध्ये शिवायचं आणि खाली जाड सतरंजी अंथरायची. तुम्ही अर्ज करणार असाल तर विभागप्रमुखांच्या पत्रात हे वाक्य जसंच्या तसं घालून घ्या: 'सदर विद्यार्थिनीस अभ्यासक्रमासाठी हाताने चालणाऱ्या, विजेवर न चालणाऱ्या शिलाई मशीनची आवश्यकता आहे.' आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून तिच्यावर पोच घ्या.

दिवाळीला घरी गेले. घराची आवराआवर चालली होती आणि बोहारीण येणार म्हणून आजीने जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. लहानपणापासून मी हे बघत आलेय. ओट्यावर स्टीलची भांडी मांडली जातात, समोर कपडे टाकले जातात आणि मग एका पातेल्यावरून अर्धा तास घासाघीस होते. या वेळी मी पहिल्यांदा भांड्यांकडे न बघता तिच्या हातांकडे बघितलं.

प्रत्येक कपडा ती आधी उजेडात धरायची. पॅन्ट असेल तर आसनाच्या जागी आतून हात घालून बोटं पसरायची, विरलेलं कापड तिथे जाळीसारखं दिसतं. शर्टाची कॉलर उलटी करून घडीवर नखाने घासायची. मुंढ्याखाली नाक नेऊन वास घ्यायची. झिप दोनदा वर-खाली. बटणं मोजायची. एका कपड्याला दहा सेकंदही लागत नव्हते. कॉलेजात कापडाची तपासणी आम्हाला शिकवली होती, तक्त्यांसकट, पण जुनं कापड कुठे आधी मरतं हे त्या ओट्यावर मला दिसलं. मी विचारलं तसं ती हसली आणि माझ्या हातात एक पॅन्ट देऊन म्हणाली, "डोळ्यानं बघू नको, आतून हात घाल." पुढे पुण्यातल्या जुन्या बाजारात, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात, मी जे काही चांगलं निवडू शकले ते या एका वाक्यामुळे.

त्याच गाठोड्यातून बाबांचा पांढरा सुती शर्ट मी काढून घेतला. आजी कुरकुरली, कारण एक कपडा कमी झाला तर पातेलं लहान मिळणार होतं. मग माझा चकचकीत सॅटिनचा शर्ट मी त्याच्या बदली गाठोड्यात घातला. बाबांच्या शर्टाचं अंग चांगलं होतं, फक्त कॉलर घडीवर विरली होती. आईने कॉलर उलटवायला शिकवली. कॉलर जिथे पट्टीत शिवलेली असते तिथून सगळे टाके उसवायचे, कॉलर पालथी करायची, विरलेली बाजू आत आणि आतली कोरी बाजू वर, आणि पुन्हा त्याच पट्टीत बसवायची. पूर्वी घरोघरी हे करत. मला तीन तास लागले, आईला वीस मिनिटांत झालं असतं, पण तिने हात लावला नाही. शेजारी बसून दिवाळीच्या चकल्या तळत होती आणि मधूनच "टाका मोठा पडला" एवढं म्हणत होती.

शिवण उसवताना मला आत एक पाऊण इंच कापड जास्तीचं सापडलं. आई म्हणाली, "ही माया. शिवणारा चांगला असला की माया ठेवतो." शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण आता त्याचा हिशेब कळला. ज्या कपड्यात माया आहे तो पुढे सैल करता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला होतो. ज्यात नाही तो शरीर जरा बदललं की संपला. तेव्हापासून दुकानात मी कपडा आधी उलटा करून शिवण बघते. दोनशेच्या क्रॉप टॉपमध्ये ओव्हरलॉकच्या काठापलीकडे एक दोरा सुद्धा नव्हता.

फिक्या पडलेल्या काळ्या जीन्सला तिथेच रंग दिला. काळ्या रंगाच्या दोन पुड्या, ८० रुपये. उकळत्या पाण्यात रंग आणि मूठभर मीठ, आधी भिजवलेली जीन्स, आणि पाऊण तास सतत ढवळणं. ढवळायचं थांबलं की डाग पडतात. भांडं जुनं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणू नका. जीन्स गडद काळी झाली, शिवणीचे तांबूस दोरे मात्र तसेच राहिले, कारण ते पॉलिएस्टरचे होते आणि सुती कापडाचा रंग त्यांना चढत नाही. मला ती काळ्यावर उठणारी तांबूस रेघ इतकी आवडली की पुढे मी मुद्दाम तसे दोरे वापरले.

मशीनची साफसफाई, तेल, नवी बॉबिन केस आणि सुयांची पाकिटं मिळून ३८० रुपये झाले. सुया ११ नंबरच्या पातळ कापडासाठी, १६च्या जीन्ससाठी. एकाच सुईने सगळं शिवू नका, पातळ कापडाला जाड सुईने भोकं पडतात. १९ नोव्हेंबरच्या रविवारी एसटीने पुण्याला आले. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. माझ्यासारख्या, महिना-दोन महिन्यांनी घरी जाणाऱ्या मुलींना त्याचा फार आधार आहे. लाकडी पेटीतलं ते मशीन मी पायांजवळ ठेवलं आणि अडीचशे किलोमीटर त्यावर हात ठेवून बसले.

नोव्हेंबर-डिसेंबर मी फक्त उसवलं आणि शिवलं. दोन सलवारींच्या सरळ पॅन्ट केल्या. सलवारीत कापड इतकं असतं की पॅन्ट निघून खिशांनाही उरतं. चारही कुर्त्यांना बाजूच्या शिवणीत खिसे बसवले. ड्रेपिंगच्या (कापड थेट पुतळ्यावर टाचून आकार देण्याच्या) वर्गात सरावाला मांजरपाट वापरतो, तो नंतर बहुतेकजणी टाकून देतात. मी सगळ्यांकडून मागून घेतला. खिशाची पिशवी, उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या, अस्तर, सगळं त्यातून झालं. दिवसभर टेप, खडू, छोटी कात्री, फोन, बसचा पास अंगावर बाळगावा लागतो, आणि मुलींच्या कपड्यांना खिसेच नसतात याचा मला मनापासून राग आहे. उजव्या खांद्याचा अर्धा इंच सगळ्या कुर्त्यांत उचलून घेतला. आरशात पहिल्यांदा गळा सरळ दिसला.

डिसेंबरमध्ये कोल्हापुरी घेतली, ५५० रुपयांची. एवढ्या पैशांत तीन जोड फॅन्सी चपला आल्या असत्या, पण ज्याच्यावर रोज उभं राहायचं तिथे हात आखडू नये असं मला वाटतं. पहिले चार दिवस चावली. खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवायची आणि मोजे घालून खोलीत फिरायचं, मग ती पायाची होते. पावसात मात्र घालू नका, कातडं फुगतं. त्याच महिन्यात आतले कपडे नवे घेतले, ६०० रुपये. यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. बजेटमध्ये यांचे पैसे आधी बाजूला काढा. ढिली पडलेली ब्रा आत असेल तर वरच्या कुर्त्याचे टक्स कितीही नीट असोत, ते योग्य जागी बसत नाहीत.

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मी रविवारी सकाळी जायचे, एका मैत्रिणीला घेऊनच. सुटे पैसे न्या, पाण्याची बाटली न्या, टेप न्या. कपडे घालून बघायची सोय नसते, म्हणून अंगाला बसणाऱ्या स्वतःच्या पॅन्टची मापं कागदावर नेली होती. कंबर, आसन, मांडी, लांबी. ३१ डिसेंबरला खाकी पॅन्ट १५०ला मिळाली, झिप गेलेली, २५ रुपयांत नवी टाकली. जानेवारीत डेनिमचं जाकीट ३००ला. विक्रेत्याने ४५० सांगितले होते, मी कोपराचं विरलेलं कापड उजेडात धरून दाखवलं आणि तो काही न बोलता उतरला. घरी आणून दोन्ही गोष्टी गरम पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवल्या आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या. हे टाळू नका.

काळी सुती पॅन्ट मात्र मला अगदी मनासारखी हवी होती. रविवार पेठेत कापड गंजात अडीच मीटर कापड घेतलं, १४० रुपये मीटर, ३५० झाले. घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, रुंद पन्ह्याला कापड कमी लागतं. आणि कापण्याआधी कापड भिजवून वाळवा, सुती आटतं. ती पॅन्ट मी होस्टेलजवळच्या टेलरकाकांकडून शिवून घेतली, २५० रुपये देऊन, कापताना शेजारी उभं राहू देण्याच्या बोलीवर. काकांनी कागद घेतलाच नाही. खडूने थेट कापडावर आखलं, आसनाची गोलाई नुसत्या हाताने वळवली आणि म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आहे ते बरोबरच आहे, पण बसल्यावर काय होतं ते बघ." मला स्टुलावर बसवून त्यांनी मागची उंची पुन्हा मोजली. उभ्याच्या मापापेक्षा ती पाऊण इंच जास्त भरली. दिवसभर बुटक्या स्टुलावर वाकून काम करणाऱ्या मुलींच्या पॅन्ट मागून का उतरतात ते तेव्हा समजलं.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आजीच्या लुगड्याचा विषय निघाला. इरकली लुगडं, काळपट हिरवं, तांबडा पदर, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं. आजीला त्याची गोधडी करायची होती, मला कुर्ता. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो. आजीचं म्हणणं, कात्री लावलेलं लुगडं अंगावर घालायचं नसतं. मी तिला म्हटलं, गोधडीलाही कात्री लागतेच की. शेवटी तिनेच लुगडं अंगणात पसरलं. नऊवारी काष्ट्याच्या जागी आणि गुडघ्यांवर विरतं, तिथे उन्हं आरपार दिसत होती. विरलेला भाग गोधडीच्या थरात जायचा आणि धड भाग माझा, असं ठरलं. पदराला कात्री लावायची नाही, ही तिची अट. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो, तो अंगाच्या ताण्याला कोंडी घालून, म्हणजे धाग्यांचे फासे एकमेकांत अडकवून, जोडतात, तो जोड तिने मला बोटाने दाखवला. पदर गोधडीच्या मधोमध बसला. कुर्त्याला दोरा, बटणं, थोडं अस्तर मिळून ९५ रुपये लागले आणि त्यावर १२० रुपयांची एक साधी सुती ओढणी घेतली.

त्या कुर्त्याची गोष्ट सांगायला हवी. तो मी ३० जानेवारीला पहिल्यांदा घातला, काळ्या पॅन्टवर, पायात कोल्हापुरी. आरशासमोर उभी राहिले तेव्हा वर्गातली दुसरी कुणीही माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. ऑगस्टपासून पहिल्यांदा.

मार्चअखेर नोंदी पूर्ण झाल्या. एकवीसचे सव्वीस कपडे झाले होते. बाबांचा शर्ट १३ नोव्हेंबरपासून अडतीस दिवस अंगावर होता, खर्च शून्य. काळी पॅन्ट चौतीस दिवस, म्हणजे दर दिवशी साडेसतरा रुपयांच्या आसपास. सॅटिनचा शर्ट बोहारणीकडे जाण्याआधी दोनदा घातला होता, म्हणजे दर वेळचे १७५. हे आकडे कुणीही काढू शकतं, किंमत भागिले घातलेले दिवस. पण ते रोज लिहावे लागतात, आठवून लिहिले की मन आवडत्या कपड्यांना झुकतं माप देतं. आजारपणात माझ्या सहा दिवसांच्या नोंदी राहिल्या होत्या. गाइडनी त्या भरू दिल्या नाहीत, कोऱ्याच ठेवायला लावल्या. आता मला ते पटतं.

ज्युरी २२ एप्रिलला होती. सकाळी नऊला बोलावलं, माझा नंबर दुपारी अडीचला आला. जेवण जाईना. बाहेरून आलेल्या दोन मॅडम होत्या. पहिलीने जर्नल चाळून विचारलं, "तुझी स्टाईल कोणती म्हणशील?" मी पाठ केलेलं उत्तर विसरले आणि पहिल्या पानावरचं माप दाखवलं. उतरता खांदा, लांब पाठ, बसल्यावरचं आसन. म्हटलं, यावरून जे निघालं ते. दुसऱ्या मॅडमनी खिशांत हात घालून बघितले, कॉलरचे टाके बघितले आणि दोन उणिवा काढल्या. फोटो सगळे एकाच अंधाऱ्या कोपऱ्यातले आहेत आणि धुण्या-इस्त्रीचा खर्च कुठेच धरलेला नाही. दोन्ही खरं होतं. तुम्ही असा हिशेब ठेवलात तर साबण, इस्त्री आणि मशीनचा दोरा धरा. पंधरा मिनिटांत संपलं. जिन्यात बसून मी डबा खाल्ला.

मे महिन्यात सुट्टीला घरी गेले तेव्हा सहा हजारांतले ७६० रुपये शिल्लक होते. त्यातले पावसाळी चपलांना २८० ठेवले. उरलेल्यात आईला ब्लाउजचं कापड आणि अस्तर घेतलं.

आईचं माप घ्यायला टेप काढली तर ती म्हणाली, "जुना ब्लाउज ने की मापाला." इतकी वर्षं ती दिवसाला शेकडो गणवेशांच्या शिवणी मारते, छत्तीस, अडतीस, चाळीस असे नंबर बघत, आणि तिचं स्वतःचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तिला खिडकीजवळ उभं केलं. कंबरेला दोरा बांधला. ती अगदी ताठ उभी राहिली होती, फोटो काढताना राहते तशी. तिचाही उजवा खांदा उतरता निघाला, माझ्यापेक्षा जास्त, पाऊण इंच. ओव्हरलॉकवर त्याच हाताने कापड पुढे सरकवत असते ना.

वहीच्या नव्या पानावर मी तारीख घातली, १९ मे २०२४, आणि खाली आकडे लिहिले. कापड भिजवून वाळवलं. कात्री लावताना ती मागून म्हणाली, "बाजूला एक इंच ठेव गं." मी दीड ठेवला.